राणीखेतच्या कोंबड्या

राणीखेतला जाऊन आलेला मराठी माणूस नंदादेवीचे, देवदारांचे आणि लष्करी छावणीचे फोटो दाखवतो. हेच नाव एखाद्या पोल्ट्रीवाल्यासमोर काढून बघा. फोटोकडे नजर जाण्याआधी तो विचारील, "कुणाच्या शेडला आलंय?" कुमाऊँमधल्या त्या थंड हवेच्या गावाने काही गुन्हा केलेला नाही, पण शंभर वर्षे होत आली, देशभरातल्या कोंबड्या त्याच्या नावाने मरत आहेत. घाईत असलेले लोक त्याला नुसते 'आरडी' म्हणतात.

खेड्यातल्या म्हातारीला राणीखेतही ठाऊक नसते आणि आरडीही. ती म्हणते मानमोडी. हा शब्द एकट्या कोंबड्यांचा नाही. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा महाराष्ट्रातल्या गावांनी तिलाही मानमोडीच म्हटले होते. (जुन्नरच्या लेण्यांचा एक डोंगरही मानमोडीच, पण ते नाव या सगळ्यापेक्षा फार जुने आहे आणि त्याचा कुठल्याच साथीशी संबंध नाही.) दोन्ही मानमोड्या श्वासातून शिरतात, हा योगायोग गावाला माहीत असण्याचे कारण नव्हते. तापाने फणफणलेल्या माणसाने मान टाकली, म्हणून ती मानमोडी. कोंबडीच्या बाबतीत मात्र हा शब्द अक्षरशः खरा आहे.

कोंबडी आधी दाणा सोडते. पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसते. मग चोच उघडी टाकून, मान पुढे ताणून हवा ओढू लागते. घशात घरघर ऐकू येते, मध्येच शिंक. विष्ठा हिरवट आणि पातळ होते. रोग जोराचा असेल तर एवढेही बघायला मिळत नाही. रात्री धडधाकट म्हणून डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्या सकाळी ताठ झालेल्या असतात. मान पिरगळते ती सहसा थोड्या जास्त दिवस टिकलेल्यांची. रोग मेंदूपर्यंत पोचला की डोके पाठीकडे वळते, चोच आभाळाकडे होते. चालायला गेली तर जागच्या जागी गोल फिरते. दाणा टिपायला गेली तर चोच भलतीकडेच आपटते. गावाने रोगाला नाव दिले ते या मागे उरलेल्यांकडे बघून.

शास्त्राच्या दप्तरात या रोगाची जन्मतारीख १९२६ आहे. त्या वर्षी डचांच्या ताब्यातल्या जावा बेटावर क्रानेवेल्ड नावाच्या पशुवैद्याने कोंबड्यांच्या एका नव्या मरीची नोंद केली. त्याच वर्षी वसंतात इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसल बंदराजवळच्या एका फार्मवर कोंबड्या पटापट मेल्या. तिथल्या रोगाचा अभ्यास केला टी. एम. डॉइल यांनी. जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून रोगाचे बीज पार निघून जात होते, म्हणजे हा विषाणू होता. असा एक विषाणू कोंबड्यांत आधीपासून माहीत होता. इटलीत १८७८ साली वर्णन झालेला 'फाउल प्लेग', ज्याला आज आपण बर्ड फ्लू म्हणतो. डॉइलनी दाखवले की एका रोगातून उठलेली कोंबडी दुसऱ्याला बळी पडते. दोन्ही रोग दिसायला सारखे, पण एकाची ढाल दुसऱ्याला चालत नाही. लक्षणांवरून नाव ठेवले तर पुन्हा घोटाळा व्हायचा, म्हणून त्यांनी तात्पुरते गावाचेच नाव ठेवले, 'न्यूकॅसल डिसीज'. ते तात्पुरते नाव अजून चालू आहे.

पुढच्या एक-दोन वर्षांत फिलिपीन्स, सिलोन, हिंदुस्थान. इतक्या लांबलांबच्या ठिकाणी एकदम कसा? त्या काळी बोटींवर खाण्यासाठी जिवंत कोंबड्या नेत आणि बंदरांवर त्यांची देवघेव चाले. पूर्वेकडून रोग बोटीने आला असावा हा तर्क त्यामुळे लगेच पुढे आला. पण स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर १८९६ सालीच कोंबड्या अशाच साफ झाल्याच्या आठवणी नंतर बाहेर आल्या. कोंबडीचे मरण लिहून ठेवण्याची पद्धत फारशी कुठेच नव्हती. त्यामुळे १९२६ ही जन्मतारीख शाळामास्तरने अंदाजाने घातलेल्या जन्मतारखेसारखी आहे. त्या दिवशी कुणीतरी पाटी-पेन्सिल घेऊन समोर बसले होते, एवढेच तिच्यावरून कळते.

हिंदुस्थानात पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली माणसे मुक्तेश्वरच्या पशुरोग संशोधन संस्थेत होती. या संस्थेची सुरुवात मात्र पुण्यात झाली, हे पुणेकरही सहसा सांगत नाहीत. पुण्याच्या अभिमानाच्या यादीतून चुकून सुटलेली ही गोष्ट असावी. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' सुरू झाली. प्रमुख होते आल्फ्रेड लिंगार्ड. काम होते बुळकांडी, घटसर्प, सर्रा अशा रोगांवर. पण गुरांच्या जिवावरच्या साथींची बीजे भर वस्तीत जोपासणे धोक्याचे होते आणि पुण्याची हवाही त्या कामाला गरम. म्हणून १८९३ साली ही प्रयोगशाळा हिमालयात, साडेसात हजार फुटांवरच्या मुक्तेश्वरला हलवली. तिथे थंडी फुकट होती आणि शेजार जंगलाचा. या भागातल्या नरभक्षक वाघिणीची कथा पुढे जिम कॉर्बेटने लिहिली. १८९७ साली प्लेगच्या निमित्ताने मुंबईला आलेला रॉबर्ट कॉखही मुक्तेश्वर चढून गेला. तो आला तो बुळकांडीसाठी.

सगळे येत होते ते बुळकांडीसाठीच, किंवा घोड्यांसाठी. बैलावर शेत चाले आणि शेतावर सारा. घोड्यावर फौज चाले. कोंबडीवर सरकारचे काहीच चालत नव्हते. ती पाळत असत भिल्ल, कातकरी, महार, मुसलमान, कुणबी; आणि त्यांच्याही घरात ती पुरुषाच्या हिशेबात नसे. अंडी विकून आलेला पैसा बाईच्या कनवटीला जाई. मीठ, तेल, पोराची पाटी यांत तो खर्ची पडे. कित्येक घरांत तर कोंबडीचा विटाळच होता. अशा जनावराच्या रोगाची फिर्याद साहेबापर्यंत कोण नेणार? माणसांत पटकी-देवी आली की मरीआईला कोंबडे कापायचे हे ठरलेले होते. कोंबड्यांतच साथ आली तर कुणाला काय द्यायचे, याची तरतूद देवांच्या व्यवस्थेतही नव्हती.

मग राणीखेतच्याच कोंबड्या सरकारी अहवालात कशा आल्या? माझा कयास असा की त्या साहेबाच्या ताटातल्या होत्या. राणीखेत ही इंग्रजांनी १८६९ साली वसवलेली छावणी. गोऱ्या सोल्जरांच्या मेसला रोज अंडी लागत. डाकबंगल्याचा खानसामा साहेबाचा टांगा दिसला की अंगणातली कोंबडी पकडायला धावे, आणि तासाभरात ती ताटात असे. त्या पदार्थाला अँग्लो-इंडियन बोलीत 'सडन डेथ' असे नावच पडले होते. खानसाम्याआधी दुसऱ्याच कुणीतरी तो 'सडन डेथ' उरकू लागल्यावर मुक्तेश्वरपर्यंत निरोप जाणे भागच होते. संस्थेचे संचालक जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२७-२८च्या वार्षिक अहवालात कोंबड्यांच्या या नव्या रोगाची नोंद केली. दोन-तीन वर्षांत कूपर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले आणि राणीखेतचे नाव कायमचे चिकटले. न्यूकॅसलचा आणि राणीखेतचा रोग एकच, हेही लवकरच ठरले. तरी आपल्याकडे राणीखेतच राहिले. परक्या गावाच्या नावापेक्षा ते जिभेला सोपे आहे.

नाव मिळाले, पण उपाय नव्हता. इंग्लंडने आणि ऑस्ट्रेलियाने धरलेला मार्ग सरळ होता. रोग आला की कळपच्या कळप मारायचा, पुरायचा आणि मालकाला भरपाई द्यायची. मेलबर्नच्या आसपास १९३० साली आलेली साथ अशीच निपटली गेली. हिंदुस्थानात हा मार्ग कल्पनेतही शक्य नव्हता. इथे कोंबड्या कुंपणात नव्हत्या, गावभर होत्या. आणि मर लागली की गाव अगदी शहाणपणाने वागे, निदान स्वतःच्या हिशेबाने. मरायच्या आत कापून खायची, उरलेल्या पहिल्या बाजाराला विकायच्या. रोगाच्या दृष्टीने यापेक्षा सोयीची वाहतूक व्यवस्था नाही. आठवडी बाजारातून आलेली एक मलूल कोंबडी नवे गाव धरी, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ही फेरी पुन्हा सुरू होई.

लसीची गोष्ट कोंबडीपासूनच सुरू झालेली होती, हे इथे सांगायला हवे. पाश्चरने प्रयोगशाळेत दुबळे केलेले पहिले रोगबीज कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे होते. १८७९-८०च्या सुमारास शिळे झालेले बीज टोचलेल्या कोंबड्या मेल्या नाहीत आणि नंतर ताज्या बिजालाही पुरून उरल्या. पण जिवाणू रश्शात वाढतो, विषाणूला जिवंत पेशी लागते. ती सोय १९३१ साली अमेरिकेत गुडपाश्चर आणि वुड्रफ यांनी शोधली. कोंबडीचे अंडे. दहा दिवस उबवलेल्या अंड्याच्या कवचाला बारीक छिद्र पाडायचे, विषाणू सोडायचा, मेणाने बंद करायचे. आत गर्भ वाढतो, त्याच्या पाण्यात विषाणू वाढतो. कोंबडीला मारणारा विषाणू कोंबडीच्याच अंड्यात वाढवून कोंबडीला वाचवायचे, असा हा व्यवहार. माणसाच्या फ्लूची लसही पुढे याच अंड्यांतून निघाली.

१९४० साली, युद्धाच्या धामधुमीत, अय्यर आणि डॉब्सन या दोघांचा एक शोधनिबंध इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. हर्टफर्डशायरच्या साथीतला विषाणू अंड्यांतून पुन्हा पुन्हा नेता नेता इतका नरमला होता की तो टोचलेली कोंबडी मरत नव्हती आणि नंतर खऱ्या रोगालाही दाद देत नव्हती. नरमवण्याची युक्ती तशी साधी आहे. विषाणूला एकाच घरात इतक्या पिढ्या राहू द्यायचे की बाहेरचे जग तो विसरतो. हीच युक्ती हॅडो आणि इदनानी यांनी इथल्या विषाणूवर चालवली. त्यांचा निबंध १९४६ साली आला, आणि त्या विषाणूला संस्थेच्या गावाचे नाव मिळाले, 'मुक्तेश्वर स्ट्रेन'. कुमाऊँच्या एका डोंगरी गावाने रोगाला नाव दिले, त्याच मुलखातल्या दुसऱ्याने औषधाला. पोल्ट्रीवाले या लसीला आजही आर-टू-बी म्हणतात.

ही लस खमकी होती. एका टोचणीत दीर्घकाळ टिकणारी ताकद येई. पण ती पूर्ण माणसाळलेली नव्हती. सहा ते आठ आठवड्यांच्या आतल्या पिलाला टोचली तर काही पिले पाय ओढू लागत, काही मरत. अंड्यावरच्या कोंबडीला टोचली तर अंडी घटत. त्यामुळे एक पेच उभा राहिला. लहान पिलांनाच संरक्षण हवे आणि लहान पिलांनाच ही लस चालत नाही.

तो पेच सुटला तो विषाणूच्याच सौम्य भावंडांमुळे. अमेरिकेत हा रोग पोचला तेव्हा तो इतका मवाळ होता की कित्येक वर्षे ओळखलाच गेला नाही. कॅलिफोर्नियातल्या कोंबड्या खोकत, काही लंगडत, बहुतेक बऱ्या होत. तोच हा विषाणू, हे १९४४च्या सुमारास उलगडले. मग शोध सुरू झाला तो मुळातच गरीब असलेल्या विषाणूंचा. हिचनर यांचा बी-वन, इंग्लंडमधल्या ॲस्पलिन यांचा एफ, आणि न्यू जर्सीतल्या एका फार्मवर सापडलेला, त्या मालकाच्या आडनावाने ओळखला जाणारा लासोटा. जगातल्या सर्वांत जास्त कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंबाथेंबाने गेलेले आडनाव बहुधा हेच असेल.

एकच विषाणू कुठे शिंकेवर भागवतो आणि कुठे कळप साफ करतो, हे कोडे १९७६ साली नागाई, क्लेंक आणि रॉट यांनी जर्मनीत सोडवले. विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असते. पेशीत शिरायचे तर ते आधी ठरावीक जागी चिरले जावे लागते. सौम्य विषाणूचे प्रथिन चिरणारी विकरे फक्त श्वासनलिकेत आणि आतड्यात सापडतात, म्हणून तो तिथेच घुटमळतो. मारक विषाणूच्या त्या जागेची घडण अशी की शरीरातली जवळजवळ कुठलीही पेशी ती चिरून देते. मग काळीज, प्लीहा, मेंदू सगळेच त्याला मोकळे. दोघांत फरक दोन-चार अमिनो आम्लांचा. लासोटाची लस डोळ्यात का टाकतात, तेही यावरून कळते. डोळ्यातला थेंब अश्रुनलिकेने नाकात उतरतो, विषाणू श्वासाच्या वाटेवरच मुक्काम करतो आणि चोर जिथून येणार तिथेच पहारा बसतो.

या नव्या मोजमापाने मुक्तेश्वरची मात्र पंचाईत केली. एका दिवसाच्या पिलांच्या मेंदूत विषाणू टोचून त्याच्या जहालपणाला गुण देण्याची पद्धत आहे. ०.७ किंवा जास्त गुण मिळाले तर तो आंतरराष्ट्रीय नियमांनी 'कळवण्याजोगा रोग'. मुक्तेश्वरचा लसविषाणू या रेषेच्या वर जातो. म्हणजे ज्याने आशियातल्या असंख्य कोंबड्या वाचवल्या तो कागदोपत्री स्वतःच आरोपी. अनेक देशांत त्याला बंदी आहे. चीनमध्ये तो 'पहिल्या क्रमांकाची लस' म्हणून पिढ्यानपिढ्या वापरला गेला, आणि तिथल्या काही साथींतले विषाणू त्याच्याच वंशाचे निघाले. खमक्या नोकराने कधीमधी मालकाच्याच घरी डल्ला मारावा, तसे.

महाराष्ट्रात १९४७ साली पुण्याला औंधमध्ये पशुवैद्यकीय लसी तयार करणारी सरकारी संस्था उभी राहिली आणि राणीखेतची लस तिथे बनू लागली. पुण्यातून डोंगरावर गेलेले काम अर्ध्या शतकाने एका परीने पुण्यात परतले. पुढे सत्तरच्या दशकात संकरित कोंबडी आली, पोल्ट्रीचा धंदा झाला, कोंबडी बँकेच्या कर्जाच्या कागदावर आली आणि एकदम सगळ्यांना तिच्या खोकल्याची काळजी वाटू लागली. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, महिन्याच्या आसपास पाण्यातून लासोटा, अंड्यावरच्या पक्ष्याला आठ-दहा आठवड्यांवर आर-टू-बीची सुई. पाण्यातून लस देण्याचा विधी बघण्यासारखा असतो. पक्ष्यांचे पाणी तासा-दोन तासांसाठी तोडायचे. नळाचे क्लोरीनचे पाणी चालत नाही, विहिरीचे घ्यायचे. त्यात बर्फाचे खडे आणि दुधाची भुकटी. मग पहाटेच्या गारव्यात भांडी ठेवायची. तहानलेल्या हजार कोंबड्या एकदम तुटून पडतात. हे सगळे नीट करूनही पिलाच्या अंगात आईकडून आलेली ताकद शिल्लक असेल तर ती लसीलाच मारते. म्हणून एका लसीवर कुणी विसंबत नाही.

तरी राणीखेत येतच राहिली. इतकी की ती सवयीची झाली. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मरू लागल्या तेव्हा बऱ्याच जणांचा पहिला अंदाज तोच होता. राणीखेतच असणार. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल आला आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झाले की हा बर्ड फ्लू, एच-फाइव्ह-एन-वन. भारतातली पहिली नोंद. १९२६-२७ साली डॉइलनी मोठ्या कष्टाने वेगळे केलेले दोन रोग ऐंशी वर्षांनी नवापूरच्या शेडमध्ये पुन्हा एकमेकांसारखे दिसत होते. मग लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या गेल्या. मुंबई-पुण्यात चिकनचे भाव कोसळले आणि टीव्हीवर पांढऱ्या पोशाखातली माणसे दिसू लागली. राणीखेतने गावेच्या गावे साफ केली, तेव्हा असा कॅमेरा कधी आला नव्हता. ती माणसाला फारतर डोळे आणते.

परसातल्या कोंबडीची गोष्ट मात्र वेगळ्याच ठिकाणी अडली. लसीत तिच्यासाठी काही कमी नव्हते, कमी होते ते बाटलीच्या मापात. लस बर्फात आणावी लागते, बाटलीत शंभराच्या पटीत मात्रा असतात, आणि एकदा विरघळवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पीटर स्प्रॅडब्रो यांनी याच अडचणीवर आयुष्य घालवले. त्यांनी निवडलेले व्ही-फोर आणि आय-टू हे विषाणू मुळातच निरुपद्रवी, शिवाय उष्णता सोसणारे. फ्रीजबाहेरही काही दिवस तग धरतात. मलेशियात व्ही-फोर दाण्यावर माखून खाऊ घातला गेला. आफ्रिकेत मोझांबिक, टांझानियामध्ये गावातल्याच बायकांना शिकवून आय-टूचे थेंब घरोघर दिले गेले. लस कोंबडीपर्यंत जाण्याआधी कोंबडी कुणाची आहे हे ओळखणे, हा त्या कामातला मला सर्वांत पटलेला भाग.

आपल्याकडच्या पाड्यावर हिशेब असा असतो. बाटलीत शंभर मात्रा, एका बाईकडे सात कोंबड्या. म्हणजे चौदा घरांनी एकाच पहाटे डालगी उघडायची नाहीत. लस देणाऱ्याने उजाडायच्या आत पोचायचे. बर्फ वितळायच्या आत एकेक कोंबडी हातात घेऊन, मान किंचित तिरकी करून, डोळ्यात एक थेंब. ती डोळा मिटून उघडते, तोवर सोडायची नाही. चौदा घरे झाली की बाटली जवळजवळ संपते. दोन मात्रा शिल्लक राहतात. तेवढ्यात कुणीतरी सांगते की शेवटच्या घरचा कोंबडा रात्री डालग्यात आलाच नव्हता, आंब्यावर बसलाय, आणि सगळे मान वर करून बघू लागतात.